परदेशातला पंधरा ऑगस्ट कुणाचा?

परदेशात शिकणाऱ्या मुलांनी पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी साजरे करावेत का, असं विचारलं तर कोल्हापुरात कुणीही 'करावेतच की' म्हणेल आणि विषय तिथंच मिटेल. पण कसे करावेत, कुणी करावेत, आणि परदेशातल्या त्या दिवसावर पहिला हक्क कुणाचा, हे विचारून बघा. उत्तरं अडखळायला लागतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तो हक्क विद्यार्थ्याचा आहे आणि आज त्यालाच त्या दिवशी कोपऱ्यात उभं केलं जातं. तिथल्या भारतीयांची मंडळं हे करतात, आणि इथून आपलं सरकारही करतं.

हा विषय आता मोजक्या बंगल्यांचा राहिलेला नाही. मी कोल्हापुरात बरीच वर्षं महाविद्यालयात शिकवतो. पूर्वी परदेशी जाणारा विद्यार्थी म्हणजे डॉक्टरांचा नाहीतर कारखानदाराचा मुलगा. आता उद्यमनगरातल्या फौंड्रीत काम करणाऱ्याची मुलगी, गडहिंग्लजकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, घर किंवा रान तारण ठेवून जर्मनीला, आयर्लंडला, ऑस्ट्रेलियाला जातात. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती घेऊन अनुसूचित जातींतली मुलं जगातल्या नामवंत विद्यापीठांत पोचतात. एकट्या जर्मनीत २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ४९ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत संख्येनं सर्वांत जास्त. म्हणजे एका मोठ्या तालुक्याच्या गावाएवढी तरुण माणसं एका देशात, आपापल्या खोल्यांत, आपापल्या हप्त्यांच्या चिंतेत.

त्यांचा पंधरा ऑगस्ट कसा जातो? इथला कसा असतो ते आपल्याला ठाऊक आहे. सकाळी शाळेत, तालमीत, चौकात झेंडावंदन, आणि मग जिलेबी. कोल्हापुरात त्या दिवशी चौकाचौकांत मांडव पडतात, कढया चढतात, माळकर तिकटीपासून उपनगरातल्या कोपऱ्यापर्यंत रांगा लागतात आणि घरोघरी कागदी पुडे जातात. हा सण कुणी आखून दिलेला नाही. सरकारनं सांगितलं झेंडा लावा. जिलेबी लोकांनी स्वतःहून जोडली. राष्ट्रीय सण लोकांचा झाला की तो असा दिसतो, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

त्याच दिवशी दुपारी परदेशातल्या पोराला घरून फोन जातो. 'काय रं, झेंडावंदनाला गेलतास काय? फोटो टाक की.' पोरगा पहाटेपासून एखाद्या गोदामात नाहीतर हॉटेलच्या भांड्यांजवळ उभा असतो. जर्मनीत व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला मोजके पैसे सुटतात आणि उरलेलं शिफ्ट करून भागवावं लागतं. शिफ्ट सोडून वाणिज्य दूतावासापर्यंत जायचं तर रेल्वेचं तिकीट आणि बुडालेली मजुरी, दोन्ही अंगावर. तो गेला नाही म्हणून त्याचं देशप्रेम कमी झालं असं मानणारे नातेवाईक मी पाहिलेत, आणि त्यांच्याशी वादही घातलाय. फोटो मागू नका. झेंड्यापुढची हजेरी शाळेत घेतात ती पुरे. ज्याच्या डोक्यावर अख्ख्या घराचं कर्ज आहे त्याच्याकडून निष्ठेचा पुरावा मागण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ज्यांना जायला मिळतं त्यांना काय मिळतं, तेही बघू. मोठ्या शहरांत दूतावासाचं झेंडावंदन होतं, राष्ट्रपतींचा संदेश वाचून दाखवला जातो, राष्ट्रगीत होतं, चहा-नाश्ता होतो. हे नीट होतं आणि ते हवंच. पण मोठा सोहळा त्यानंतरच्या शनिवारी-रविवारी असतो. भाड्याचा हॉल, पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांचे आणि घरं विकणाऱ्यांचे फलक, चित्रपटगीतांवर नाच, लहान मुलांची वेशभूषा. मंचावर तिथं वीस-पंचवीस वर्षं स्थिरावलेली माणसं. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. परक्या गावात मंडळ उभं करणं आणि टिकवणं सोपं नसतं. विद्यार्थी त्या हॉलमध्ये असतो तो स्वयंसेवकाचा टी-शर्ट घालून. खुर्च्या मांडतो, ताटं वाढतो, शेवटी हॉल झाडतो. त्याबद्दल त्याला जेवण फुकट.

आता त्या हॉलमध्ये भारताचे नागरिक कोण कोण आहेत ते पाहा. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ९ नुसार जो स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतो तो भारताचा नागरिक राहत नाही. मंचावरच्या अनेकांनी ते घेतलेलं असतं. मुलांच्या भवितव्यासाठी, नोकरीसाठी, त्यांच्या कारणांसाठी. त्यांच्याकडचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते कार्ड, येण्याजाण्याची, राहण्याची सोय देतं, नागरिकत्व देत नाही. भारतीय पासपोर्ट खिशात असलेली, उद्या भारतीय कायद्यानं बांधलेली, परवा कदाचित इथंच परत येऊन नोकरी शोधणारी माणसं म्हणजे हे विद्यार्थी. ज्या देशाचा वाढदिवस चाललाय त्या देशाचे पुरे नागरिक ताटं वाढत असतात. मला हे बरोबर वाटत नाही. मंडळांनी निदान झेंड्याची दोरी आणि पहिलं भाषण विद्यार्थ्याच्या हाती द्यावं. एवढं करायला हॉलचं भाडं वाढत नाही.

आणि त्या भाषणात काय असावं? इथं कोल्हापूरकरानं जरा थांबावं असं मला वाटतं, कारण आपल्याकडे सांगण्यासारखं आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला कोल्हापूर हे संस्थान होतं. ते मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या हाती स्वातंत्र्य एका सकाळी येऊन पडलेलं नाही. संस्थानी प्रजेच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या प्रजा परिषदेच्या लढ्यातून, माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांच्यासारख्यांच्या कष्टांतून ते टप्प्याटप्प्यानं आलं. पुढं रत्नाप्पा कुंभार संविधान सभेत बसले. २६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या घटनेमागे शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावात जन्मलेल्या माणसाचाही हात आहे, हे मेलबर्नला किंवा म्युनिकला शिकणाऱ्या आपल्या पोरीला माहीत असावं. माहीत असलं तर प्रजासत्ताक दिन तिला दिल्लीच्या संचलनापुरता वाटणार नाही.

दुसरी गोष्ट शाहू महाराजांची. १९०२ मध्ये महाराज इंग्लंडला गेले ते सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी. म्हणजे दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या समारंभाला. राजाच्या आजारपणामुळे तो समारंभ पुढं ढकलला गेला, महाराजांचा मुक्काम तिकडंच होता, आणि त्या मुक्कामातच २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा इकडं करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात निघाला: संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवायच्या. परदेशात असताना देशाची आठवण कशी ठेवावी, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला सापडत नाही. बोटीनं पत्र पोचायला आठवडे लागायचे त्या काळात महाराजांचं लक्ष घरच्या कायद्यावर होतं. पुढं १९२० च्या मार्चमध्ये माणगाव परिषदेत, जिथं महाराज आणि डॉ. आंबेडकर एका मंचावर होते, महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करावा असा ठराव झाला. लोक स्वतःचे सार्वजनिक सण असे ठरवतात, ज्यानं माणसाला बरोबरीनं उभं केलं त्याच्या नावानं. स्वतः आंबेडकर तेव्हा कोलंबियातलं शिक्षण घेऊन आलेले होते आणि लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला त्याच वर्षी पुन्हा गेले.

परदेशातल्या भारतीय विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय दिवस पाळायला सुरुवात केली तेव्हा त्यात धोका होता. श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ मध्ये लंडनला सुरू केलेल्या इंडिया हाउसमध्ये १० मे १९०८ ला १८५७ च्या उठावाचा स्मृतिदिन साजरा झाला. हुतात्म्यांच्या स्मरणाचे बिल्ले छातीला लावून विद्यार्थी आपापल्या कॉलेजांत गेले आणि त्यावरून खटके उडाले. शिक्षणावर पाणी पडेल हे माहीत असून त्यांनी बिल्ले लावले. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, केंब्रिजमधल्या भारतीय विद्यार्थ्यांनी मजलिस नावाची सभा सुरू केली होती. तिथं देशाच्या प्रश्नांवर वादविवाद झडायचे. आजच्या मुलांना नाचू नका असं मी म्हणत नाही. लेझीम घ्यावं, ढोल घ्यावा, गाणी म्हणावीत. पण तासभर नाच असेल तर अर्धा तास वाद असावा. शिक्षणकर्जावरचं व्याज, परदेशी पदवीला इथं मिळणारी मान्यता, भरती परीक्षांचे फुटणारे पेपर, जातीवरून वसतिगृहांत होणारा त्रास. हे आपल्या प्रजासत्ताकाचे प्रश्न आहेत आणि पंचवीस वर्षांच्या माणसाला त्यावर मत असतं. सव्वीस जानेवारीला ते मोठ्यानं बोललं गेलं तर दिवसाचा अपमान होत नाही, दिवस सार्थकी लागतो. घटनेची उद्देशिका उभं राहून वाचावी, मराठीत, तेलुगूत, तमिळमध्ये, ज्याला जी येते तीत. पाच मिनिटं लागत नाहीत.

भाषा म्हटल्यावर आणखी एक बोलायला हवं. गणपती आपला, मराठी मंडळाचा. त्याबद्दल तक्रार नाही. पण पंधरा ऑगस्टसुद्धा मराठींचा वेगळा, गुजरातींचा वेगळा, तेलुगूंचा वेगळा व्हायला लागला आहे. त्यातही जातीजातींचे व्हॉट्सॲप गट आहेतच. शाहू महाराजांनी कोल्हापुरात समाजासमाजांची वेगवेगळी वसतिगृहं काढली, कारण त्या काळी त्याशिवाय बहुजनांची मुलं शिकलीच नसती. त्यांना पोचायचं होतं ते सगळे एका पंगतीला बसण्यापर्यंत. शंभर वर्षांनी, दर्या ओलांडून गेलेल्या पोरांनी वर्षातल्या दोन दिवशी तरी एका झेंड्याखाली यायला काय हरकत आहे?

तारखेबद्दल माझं मत ठाम आहे आणि त्यावर मंडळातले लोक माझ्याशी भांडतात. जेवण, कार्यक्रम, नाटकं शनिवारी घ्या. हॉल तेव्हाच मिळतो, सुट्टी तेव्हाच असते. झेंडा मात्र तारखेला. विद्यापीठाच्या हिरवळीवर चार पोरं सकाळी वर्गाआधी दहा मिनिटं उभी राहिली, राष्ट्रगीत म्हटलं, कामाला गेली, तरी दिवस साजरा झाला. सव्वीस जानेवारी जर्मनीत ऐन परीक्षांच्या तोंडावर येतो; दहा मिनिटांनी कुणाचा पेपर बिघडत नाही. पंधरा ऑगस्टला तर नशीब बरं असतं. माझी भाची म्युनिकला शिकते. तिथं त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, मेरीच्या स्वर्गारोहणाचा कॅथलिक सण म्हणून. फ्रान्स, इटली, ऑस्ट्रियातही असते. आपल्या पोरांना आयती सुट्टी मिळते.

सव्वीस जानेवारीची सुट्टी मिळते ती ऑस्ट्रेलियात, आणि तिथली गोष्ट फार विचार करायला लावणारी आहे. २६ जानेवारी १७८८ ला ब्रिटिशांच्या पहिल्या ताफ्यानं सिडनीच्या किनाऱ्यावर आपला झेंडा रोवला. तो दिवस ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो. तिथल्या मूळ रहिवाशांनी १९३८ मध्ये, त्या घटनेला दीडशे वर्षं झाली तेव्हा, तोच दिवस शोकदिन म्हणून पाळला, आणि आजही हजारो लोक त्या दिवशी रस्त्यावर उतरून त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात. आपला विद्यार्थी त्याच तारखेला तिरंगा घेऊन निघतो. त्याच्या एका बाजूला सुट्टीची मौज करणारं शहर, दुसऱ्या बाजूला आपली जमीन गेली म्हणून चालणारा मोर्चा. आपण ती तारीख निवडली ती १९३० च्या पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेवरून, त्याच ब्रिटिश सत्तेविरुद्ध. त्या मोर्चातल्या माणसाला हे सांगितलं तर त्याला आपला सव्वीस जानेवारी ताबडतोब कळेल. परदेशात सण साजरा करण्याचा मोठा फायदा हाच आहे की तो परक्याला समजावून सांगावा लागतो, आणि सांगता सांगता आपल्यालाच नीट कळतो. म्हणून वर्गातल्या इतर देशांच्या मुलांना बोलवावं. जिलेबी तर द्यावीच.

पाकिस्तानी वर्गमित्रांनाही बोलवावं. हे लिहिताना काहींच्या कपाळावर आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. पण परदेशातल्या हॉस्टेलांत स्वयंपाकघर सामाईक असतं, आणि चौदा ऑगस्टच्या रात्री त्यांचा कार्यक्रम संपतो तिथंच पंधराच्या सकाळी आपला सुरू होतो. कोल्हापूरकराला तर कराची परकी नाही. १८५७ च्या ३१ जुलैला कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीनं बंड केलं. त्या लढ्यात इंग्रजांना ज्यांची धास्ती वाटली त्या छत्रपती घराण्यातल्या चिमासाहेब महाराजांना त्यांनी कैद करून कराचीला धाडलं. ते परत आले नाहीत. १८६९ मध्ये तिथंच वारले. कोल्हापूरच्या मुलानं कराचीच्या मुलाला ही हकिकत सांगावी. दोन सरकारांमधलं वैर त्यानं मिटणार नाही. पण दोघांचा शत्रू एकेकाळी एकच होता, हे ते दोघं समजून घेतील.

आता सरकारकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन २०११ पासून परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. कायद्यात नोकरीबरोबर शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्ज क्रमांक ६-अ भरायचा, नाव आपल्या गावच्या यादीत लागतं. पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः गावच्या मतदान केंद्रावर हजर राहावं लागतं. म्हणजे डब्लिनमधल्या मुलीनं विमानाचं तिकीट काढून एका दिवसासाठी कागलला यायचं. २०२४ च्या लोकसभेला देशभर परदेशस्थ मतदारांची नोंदणी १ लाख १९ हजारांच्या आसपास होती. प्रत्यक्ष मत दिलं तीन हजारांहून कमी लोकांनी, आणि त्यातले बहुतेक केरळचे. ज्या कोल्हापूर मतदारसंघात ७ मे २०२४ ला ७१ टक्क्यांवर मतदान झालं, म्हातारी माणसं उन्हात रांगेत उभी राहिली, त्याच मतदारसंघातली शिकायला बाहेर गेलेली पोरं मात्र मतदानाबाहेर राहिली.

दुसरा मार्ग नाही असं नाही. सैनिकांना, आणि सरकारी कामावर परदेशात असलेल्या कर्मचाऱ्यांना, मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवली जाते. ते ती छापून, मत नोंदवून टपालानं परत पाठवतात. म्हणजे दूतावासात झेंडा फडकवणारा अधिकारी तिथून मत देऊ शकतो आणि त्या झेंड्यापुढं सावधान उभा राहिलेला विद्यार्थी देऊ शकत नाही. दोघंही त्याच देशाचे नागरिक, त्याच आवारात उभे. परदेशस्थांना आपल्या वतीनं दुसऱ्याकडून मत देऊ देणारं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेनं मंजूर केलं होतं. राज्यसभेत ते पुढं सरकलं नाही आणि २०१९ ला लोकसभा विसर्जित होताच बारगळलं. ते गेलं याचं मला दुःख नाही, दुसऱ्याच्या हातानं मत देणं मला पसंत नाही. पण २०२० मध्ये निवडणूक आयोगानंच टपाली मतपत्रिकेची सोय परदेशस्थ मतदारांना द्यावी असं केंद्र सरकारला कळवलं. तेव्हापासून किती पंधरा ऑगस्ट गेले?

याला विरोध करणारे म्हणतात, बाहेर राहणाऱ्याला इथल्या कारभाराचे चटके बसत नाहीत, मग त्याला मत कशाला? स्थायिक झालेल्याबद्दल हा मुद्दा मी ऐकून घेईन. विद्यार्थ्याला तो लागू नाही. त्याच्या कर्जाला बाप जामीन आहे. आई सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, रांगेत उभी आहे. पंचगंगेचा पूर त्याच्याच घरात शिरतो. रुपया घसरला की त्याची फी वाढते. दुसरा आक्षेप गुप्ततेचा: मालक किंवा दलाल दबाव आणतील. आखाती देशांतल्या कामगारांच्या बाबतीत ही भीती खरी आहे आणि तिच्यावर उपाय हवा. मतदान दूतावासाच्या आवारात, अधिकाऱ्यासमोर घेता येईल. आणि 'यातली निम्मी पोरं परत येणारच नाहीत' असं जे म्हणतात त्यांना माझं उत्तर असं की, न येणाऱ्याचं नागरिकत्व तो सोडेल त्या दिवशी मतही जाईल, कायद्यात ती तरतूद आधीच आहे. तोवर तो आपला आहे. त्याला आपलं मानायचं तर फक्त झेंड्याच्या फोटोपुरतं मानून चालणार नाही.

राष्ट्रीय मतदार दिन २५ जानेवारीला असतो, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी. परदेशातल्या विद्यार्थ्यांनी त्या दोन दिवसांत झेंड्याशेजारी एक टेबल मांडावं आणि ६-अ अर्ज भरून घ्यावेत. केरळच्या लोकांनी नोंदणी मोठ्या संख्येनं केली म्हणून त्यांच्या मागणीला वजन आलं. महाराष्ट्रातून ती फारशी होत नाही म्हणून इथला एकही पक्ष हा विषय काढत नाही. आणि इथं कोल्हापुरात, ज्या घरातलं मूल बाहेर शिकतंय त्या घरानं पुढच्या निवडणुकीला दारात येणाऱ्या उमेदवाराला, रस्ता आणि पाण्याच्या प्रश्नाबरोबर, टपाली मताबद्दल विचारावं. मी विचारणार आहे, आणि पंधरा ऑगस्टला भाचीचा फोन आला की तिलाही आधी अर्जाचंच विचारणार आहे.